हंसोदकाचा काळ आणि आपल्या सहली

आषाढाचा पहिला जोराचा पाऊस झाला की गोंदिया जिल्ह्यात सहलींना उधाण येते. सालेकसा तालुक्यातील दरेकसाजवळचा हाजरा धबधबा, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण, तिरोडा तालुक्यातील बोदलकसा व चोरखमारा हे तलाव, अशा सर्वच ठिकाणी रविवारी वाहनांच्या रांगा लागतात. वर्षभर दुकानात, शाळेत, कार्यालयात अडकलेली माणसे एक दिवस पाण्याच्या सान्निध्यात घालवितात, यात वाईट काहीच नाही. मात्र ज्या ऋतूत आपले शास्त्र जलविहार वर्ज्य सांगते, नेमक्या त्याच ऋतूत आपण तो करतो. आणि ज्या ऋतूत तो अमृतासमान सांगितला आहे, तेव्हा तळ्याचे काठ रिकामे असतात. या विसंगतीकडे सर्व वैद्यबंधु-भगिनींचे व औषधालय-चालकांचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. वाग्भटाचार्यांनी वर्षा ऋतुचर्येत नदीचे पाणी, दिवसाची झोप, अतिश्रम व ऊन ही एकाच दमात वर्ज्य सांगितली आहेत. वर्षा हा वातप्रकोपाचा व अग्निमांद्याचा काळ. पाणी गढूळ व अम्लविपाकी होते, पचनशक्ती क्षीण असते. अशा वेळी धबधब्याखाली तासन्‌तास भिजणे, ओल्या कपड्यांनीच भजी व थंड पेये घेणे आणि रात्री उशिरा घरी परतणे म्हणजे व्याधीला घरी येण्याचे निमंत्रणच होय. सोमवारी आपल्या चिकित्सालयात प्रतिश्याय, कर्णशूल, अतिसार व संधिशूल यांचे रुग्ण वाढलेले दिसतात, त्याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही.

याउलट शरद ऋतूतील पाण्याला चरकाचार्यांनी ‘हंसोदक’ हे सुंदर नाव दिले आहे. दिवसा सूर्यकिरणांनी तापलेले, रात्री चंद्रकिरणांनी निवलेले, काळाने परिपक्व झालेले व अगस्त्याच्या उदयाने निर्विष झालेले हे जल स्नान, पान व अवगाहन या तिन्हींसाठी हितकर म्हटले आहे. यामागील निरीक्षण आजही पडताळून पाहता येते. पाऊस थांबला की तलावात येणारा गाळाचा लोंढा थांबतो, पाणी स्थिरावते, माती तळाशी बसते आणि आश्विनात तेच तळे आरशासारखे नितळ दिसू लागते. अगस्त्याचा तारा पहाटे दक्षिण क्षितिजावर दिसू लागणे ही त्या काळाची खूण. कॅलेंडर नसलेल्या समाजाने आकाशात लिहून ठेवलेली ही तारीखच म्हणावी.

योगायोग असा की, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचे गाभाक्षेत्रही पावसाळ्यात पर्यटनासाठी बंद असते आणि साधारणतः १ ऑक्टोबरला उघडते. वनविभागाने हा नियम जंगलाच्या व रस्त्यांच्या सोयीने केला असेल. पण जंगलाचे दार उघडण्याची वेळ व हंसोदकाची वेळ एकच येते. आपण रुग्णांना ऋतुचर्या सांगताना हा दुवा वापरण्यास काय हरकत आहे?

आपल्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात, ते उगीच नव्हे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांचा वारसा घेऊनच जन्मला. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय हे त्या कौशल्याचे ठळक उदाहरण. पूर्व विदर्भातील हे मालगुजारी तलाव, ज्यांना लोक ‘मामा तलाव’ म्हणतात, धानाला पाणी, ढिवरांना मासळी व शिंगाडा आणि गावाला घाट देत आले. त्याच नवेगावच्या परिसरात वनाधिकारी म्हणून राहिलेल्या मारुती चितमपल्ली यांनी येथील पक्षी, वनस्पती व माणसे मराठी साहित्यात नेली. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे त्यांचे पुस्तक ज्यांनी वाचले, त्यांना तळ्याच्या काठी नुसते बसणे हाही एक उपचार आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता मुख्य मुद्दा. या पाण्यात उतरावे काय? येथे मला स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी मेदोवृद्धीच्या तक्रारीसाठी एक महाविद्यालयीन तरुण माझ्याकडे येत असे. पथ्यपत्रकात मी त्याला ‘व्यायाम : पोहणे’ असे दोन शब्द लिहून दिले. कोठे, केव्हा, किती, कोणासोबत, यांपैकी काहीच लिहिले नाही. श्रावणात मित्रांसोबत तो एका गावतलावावर गेला आणि परत आला नाही. बाहेर काढल्यावर त्याला उलटे धरून पोटातील पाणी काढण्यातच सोबत्यांची मोलाची मिनिटे गेली, असे त्याच्या वडिलांनी नंतर मला सांगितले. त्यांनी मला दोष दिला नाही. पण ते पत्रक माझ्या हस्ताक्षरात होते. औषधाची मात्रा, अनुपान व काल लिहिल्यावाचून आपण साधे चूर्णही देत नाही. मग विहार मात्र मात्रेविना कसा सांगतो?

वाग्भटाचार्य याबाबत आपल्यापेक्षा सावध होते. दिनचर्येत त्यांनी स्पष्टच सांगितले आहे की, बाहुबलावर नदी पार करू नये व खात्री नसलेल्या नावेत चढू नये. तसेच व्यायाम अर्धशक्तीनेच करावा, आणि तोही मुख्यतः शीतकाळी व वसंतात; इतर ऋतूंत मंदच. हे सारे एकत्र वाचले म्हणजे एक महत्त्वाचा भेद हाती लागतो. शास्त्राने शरदात प्रशंसिले आहे ते अवगाहन, म्हणजे सुरक्षित जागी पाण्यात बसणे, डुंबणे. पैजा लावून तलावाचा पैलतीर गाठणे हे अवगाहन नव्हे. जोमाने पोहण्याचा व्यायाम ज्याला करावयाचा आहे, त्याने तो जीवरक्षक असलेल्या तरणतलावात, शिकून व नियमाने करावा.

आपले तलाव दिसतात तेवढे सोपे नाहीत. जुन्या बोड्यांच्या तळाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा गाळ असतो. त्यात पाय रुततो. कमळाचे देठ व पाणवनस्पती पायांना विळखा घालतात. गाळ-माती काढलेल्या जागी एका पावलात गुडघाभर पाण्याचे पुरुषभर पाणी होते. धरणाच्या सांडव्याजवळ व धबधब्याच्या डोहात प्रवाह आतून ओढतो, वरून कळत नाही. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्‌स ब्युरोच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या एका वर्षात देशात ३८ हजारांहून अधिक माणसे बुडून मरण पावली. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ मध्ये २५ जुलै हा दिवस बुडण्यापासून बचावासाठी जाहीर केला, तो आपल्याकडे नेमका वर्षासहलींच्या ऐन भरात येतो.

दुसरा धोका सूक्ष्म आहे. केरळात २०२४ व २०२५ मध्ये साचलेल्या गोड्या पाण्यातील अमीबा नाकावाटे मेंदूत शिरून मस्तिष्कशोथाचे रुग्ण आढळले. हा आजार दुर्मीळ आहे, घबराटीचे कारण नाही. तथापि उन्हाळ्यात आटलेल्या, कोमट, गढूळ तळ्यात बुडी मारू नये, हे सांगण्यास तो पुरेसा आहे. येथे व्यवसायबंधूंना एक विनंती. अणुतैलाचे दोन थेंब नाकात घातले म्हणजे या रोगापासून संरक्षण मिळते, असा दावा कोणीही करू नये, तशी पाटी औषधालयात लावू नये. प्रतिमर्श नस्याचे गुण आपल्या जागी थोर आहेत. जे सिद्ध झालेले नाही ते त्यांच्या माथी मारल्याने त्यांचा मान वाढत नाही, घटतो. तळ्यात पोहल्यानंतरच्या काही दिवसांत तीव्र शिरःशूल, ज्वर, छर्दी व मान ताठरणे ही लक्षणे दिसली तर एक क्षणही न दवडता रुग्णास मोठ्या रुग्णालयात पाठवावे.

काही जण म्हणतील, एवढ्या सूचना दिल्या तर सहलीची गंमतच संपेल. मला तसे वाटत नाही. शरदातील एका दिवसाचा साधा आराखडा मी अलीकडे पथ्यपत्रकाच्या मागे छापून देतो. पहाटे लवकर निघावे; शरदाचे ऊन पित्तप्रकोपक असल्याने दुपारी झाडांच्या दाट सावलीत बसावे. सकाळी, न्याहारीपूर्वी किंवा ती पचल्यावर, गावकऱ्यांना विचारून, बांधलेल्या घाटावर कमरेएवढ्या पाण्यात अवगाहन करावे. जेवणानंतर पाण्यात उतरू नये. पीनस, अतिसार, आध्मान, अजीर्ण, अर्दित, तसेच नेत्र, मुख व कर्ण यांचे विकार असणाऱ्यांनी स्नान टाळावे. अभयारण्यातील व राष्ट्रीय उद्यानातील जलाशयात उतरू नये. तेथे पाहणे हाच विहार. धानाच्या बांध्यांत सारसाची जोडी दिसली तर दुरूनच पाहावी. राज्यात या पक्ष्याचा मुख्य आसरा आपलाच जिल्हा आहे. संध्याकाळचे चांदणे शास्त्रसंमत आहे, दव मात्र नाही. म्हणून दव पडण्यापूर्वी परतावे. लहान मूल पाण्याजवळ असताना एका मोठ्या माणसाने दुसरे कोणतेही काम करू नये. बुडालेल्यास बाहेर काढल्यावर उलटे टांगू नये, पोट दाबू नये. श्वास थांबला असल्यास तोंडाने श्वास देऊन छातीवर ३० दाब व २ श्वास या क्रमाने प्रयत्न चालू ठेवावे आणि कोणीतरी १०८ ला दूरध्वनी करावा.

शेवटी एक गोष्ट विसरता येत नाही. हंसोदक निर्माण करण्याचे काम ऋतू करतो, पण तळे निर्मळ ठेवण्याचे काम माणसाचे आहे. अगस्त्याच्या उदयाने धानावर फवारलेले कीटकनाशक निर्विष होत नाही, की विसर्जित मूर्तींचा रासायनिक रंग विरत नाही. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे गेले आणि पुष्कळ ठिकाणी गावाचा त्यांच्याशी असलेला संबंध सुटला. बेशरमीच्या झुडपांनी काठ गिळले. तरीही या भागात ढिवर समाजाच्या संस्थांनी व महिलांनी बेशरम उपटून, स्थानिक पाणवनस्पती लावून तलाव सावरल्याची उदाहरणे आहेत. शृंगाटक, कमलबीज, माका, मंडूकपर्णी ही आपली द्रव्ये याच काठांवरची. औषधालय-चालकांनी दूरच्या बाजारातून माल मागविण्याऐवजी अशा संस्थांकडून तो घेतला, तर द्रव्याची ओळख पक्की होईल व तलाव राखणाऱ्या हातांना दोन पैसे मिळतील.

आपल्या संघटनेची वार्षिक सहल दरवर्षी श्रावणात निघते. पुढील वर्षी ती आश्विनात न्यावी, आणि त्या दिवशी सर्व सभासदांनी बुडालेल्यावरील प्रथमोपचाराचे प्रात्यक्षिक करावे, अशी माझी सूचना आहे. जे आपण स्वतः पाळत नाही, ते रुग्णाला सांगण्याचा अधिकार आपणास नाही.