लंघन, पण किती दिवस?

हल्ली वजन उतरवण्यासाठी निव्वळ पाण्यावर २१ दिवस काढायची टूम निघाली आहे. आमच्या नात्यातल्या एका मुलीनेही तसा बेत केलाय, म्हणून हे लिहितो आहे. (ती इथे वाचते, त्यामुळे तिला कळेलच!)

या मंडळींचं म्हणणं असं, की अंगावर एवढी चरबी साठली आहे, शरीर तीच खाईल. हे अर्धंच खरं. चरबीतून ताकद मिळते, ब गटातली जीवनसत्त्वं मिळत नाहीत. घरात तांदळाची पोती आहेत म्हणून मीठ पुरतं का? तसंच हे. ब-१, म्हणजे थायमिन, शरीरात जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम असतं. दोन-तीन आठवड्यांत ते संपत येतं. मग तोल जातो, एकाचे दोन दिसतात, माणूस बरळायला लागतो. वेळेत इलाज झाला नाही तर स्मरणशक्ती कायमची अधू होऊ शकते.

यावर अँगस बार्बिएरीचं नाव हमखास पुढे येतं. स्कॉटलंडच्या या तरुणाने १९६५-६६ मध्ये ३८२ दिवस अन्न घेतलं नाही आणि वजन २०७ किलोवरून ८२ किलोवर आणलं. गोष्ट खरी आहे. पण डंडीचे डॉक्टर त्याच्यावर लक्ष ठेवून होते, त्याला जीवनसत्त्वं आणि पोटॅशियम देत होते, रक्त तपासत होते. नेमकं एवढंच सांगायचं राहून जातं!

आणखी एक धोका उपवास सोडताना असतो. साखर वापरायलाही शरीराला ब-१ लागतं. साठा रिकामा असताना सरबत, शिरा पोटात गेला, की उरलंसुरलंही संपतं. रक्तातलं फॉस्फेट एकदम घसरतं आणि हृदयावर बेतू शकतं.

कुणी म्हणेल, आपले पूर्वजही उपवास करतच होते. करत होते ना! पण एकादशीच्या पाठोपाठ द्वादशीचं पारणं ठरलेलं असे. उपवास कधी सोडायचा हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं. २१ दिवसांच्या पाण्याला एकादशीचं नाव देऊ नये.

वजन जरूर कमी करा. ते हळूहळू, रोज थोडं कमी जेवून आणि चालून करा. आणि लांबचा उपवास करायचाच असेल, तर आधी डॉक्टरांना गाठा. चार किलो उशिरा उतरले तर काही बिघडत नाही. गेलेली आठवण मात्र परत येईलच असं नाही.