विश्लेषण : रायफलच्या नळीत खाचा किती आणि कशा? नेमबाजाने पैसा कशावर खर्च करावा?

अंबड : कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकले. तेव्हा रेल्वेत टीसी असलेल्या या खेळाडूमुळे रायफल नेमबाजी खेड्यापाड्यांतल्या घरांत पोहोचली. १० मीटर एअर रायफलवर सुरुवात केलेला खेळाडू पुढे .२२ रायफलकडे वळतो, तेव्हा मोबाइलवर 'कट रायफलिंग', 'फाइव्ह आर', 'पॉलिगोनल' अशा नावांचा मारा सुरू होतो. खास बनवून घेतलेली नळी महाग असते. त्यामुळे या नावांमागे किती तथ्य आहे, हे आधी पाहायला हवे.

रायफलिंग म्हणजे नेमके काय?

नळीच्या आतून पीळ घेत गेलेल्या खाचा म्हणजे रायफलिंग. या खाचा गोळीला फिरकी देतात. फिरता भोवरा उभा राहतो, फिरकी संपली की लवंडतो; गोळीचेही तेच. .२२ च्या नळीत साधारण १६ इंचांत एक पूर्ण फेरा असा पीळ असतो. गोळीचा वेग सेकंदाला ३३० मीटर धरला, तर ती मिनिटाला सुमारे ४९ हजार फेरे या गतीने फिरत बाहेर पडते. पीळ गोळीच्या लांबीला जुळणारा हवा. तो चुकला तर खाचांचा आकार कितीही भारी असो, नेम लागणार नाही.

इतिहास काय सांगतो?

काडतुसांच्या चरबीवरून १८५७ चा भडका उडाला, ती एनफिल्ड रायफल तीन खाचांची होती. पुढे मेटफर्ड नावाच्या इंग्रज अभियंत्याने उथळ, गोलसर कडांच्या सात खाचा आखल्या. काळ्या दारूची काजळी त्यात कमी साचायची, म्हणून १८८८ च्या ली-मेटफर्ड रायफलमध्ये त्या आल्या. मग कॉर्डाइट ही जास्त उष्णतेची दारू आली आणि त्याच उथळ खाचा भराभर झिजू लागल्या. १८९५ मध्ये त्यांच्या जागी चौकोनी कडांच्या पाच खोल खाचा आल्या, ती ली-एनफिल्ड. महाराष्ट्र पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशके दिसलेली 'थ्री नॉट थ्री' याच घराण्यातली. मेटफर्डची आखणी वाईट नव्हती, दारू बदलली होती. म्हणजे आधी काडतूस ठरते, खाचा नंतर.

.२२ साठी हे प्रश्न बरेच सोपे होतात. गोळी मऊ शिश्याची, जेमतेम अडीच ग्रॅमची. उष्णतेने नळी झिजण्याची चिंता फारशी नाही. पॉलिगोनल नळीत टोकदार कडा नसतात, साफसफाई सोपी. पण ती प्रसिद्ध झाली पिस्तुलांमुळे, आणि ग्लॉक कंपनी स्वतःच अशा नळ्यांत उघड्या शिश्याची गोळी वापरू नका म्हणते. 'फाइव्ह आर'मध्ये पाच खाचा आणि उतरत्या कडा असतात, गोळी कमी ओरबाडली जाते. फायदा आहे, पण ५० मीटरवर तो शोधावा लागेल इतका बारीक.

कट रायफलिंगमध्ये पाते थोडा थोडा धातू खरवडून काढते. काम संथ, पण पोलादात ताण राहत नाही. बटण पद्धतीत कार्बाइडची गाठ नळीतून ओढून खाचा दाबून उमटवतात, मग उष्णता देऊन ताण काढावा लागतो. दोन्ही नळ्यांनी पदके जिंकली आहेत. कारागीर कोण आणि आतली घोटाई कशी, यावरच जास्त ठरते.

जालन्यात पोलाद आहे, लेथ आहेत, मग इथेच करून घेऊ, हा विचार मात्र कोणी करू नये. नळी हा शस्त्राचाच भाग आहे. शस्त्र कायदा १९५९ नुसार परवान्याशिवाय ती बनवणे हा गुन्हा आहे.

हाती मर्यादित पैसे असतील तर ते काडतुसांच्या चाचणीवर लावणे शहाणपणाचे. एकाच कंपनीच्या दोन लॉटची काडतुसे एकाच नळीतून वेगवेगळी पडतात. म्हणून अव्वल नेमबाज रायफल शिकंज्यात घट्ट बसवून, लॉट बदलत ५० मीटरवर गोळ्या झाडतात आणि सर्वांत घट्ट पुंजका देणारा लॉट उचलतात. दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. कारखान्यातून आलेल्या साध्या नळीचाही असा जुळणारा लॉट सापडला, तर नवी नळी घ्यायची घाई कशाला?