करंगळी वर केली, की तिला जाऊ द्या

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या महिला मंडळाने एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंना बोलावलं होतं. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे, नाव घालायचं नाही, असं ठरलं होतं. चिठ्ठ्या गोळा करायचं काम माझ्याकडे. सर्दी-खोकला, मूल जेवत नाही, हे प्रश्न असणारच. पण सात चिठ्ठ्या एकाच विषयावरच्या निघाल्या. ‘मुलगी नऊ वर्षांची झाली, अजून अंथरूण ओलं करते.’ ‘शाळेतून येते तेव्हा चड्डी ओली असते, विचारलं की रडते.’ आणि एकीने लिहिलं होतं, ‘लघवीच्या पिशवीचं ऑपरेशन करावं लागेल का? खर्च किती येतो?’

बघा, समोरासमोर यातली एकही बाई बोलली नसती. मुलीचं नाव खराब होईल, पुढे लग्नाच्या वेळी कुणी आठवण काढेल, ही भीती. या लपवाछपवीत मुलाची चार-पाच वर्षं उगाच जातात.

तर आधी ऑपरेशनचं. बहुसंख्य मुलांना त्याची गरज पडत नाही. पाच वर्षांच्या शंभर मुलांत साधारण पंधरा रात्री अंथरूण ओलं करतात. पाच वर्षांच्या आत तर डॉक्टर याला आजार म्हणतच नाहीत. त्यानंतरही दर वर्षी यातली साधारण पंधरा टक्के मुलं आपोआप कोरडी होतात. कारणं तीनच मुख्य. रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदूतून जे संप्रेरक सुटतं ते काही मुलांत कमी पडतं. काहींची पिशवी लहान असते किंवा भरण्याआधीच आकसते. आणि पिशवी भरल्याचा निरोप मिळूनही मूल जागं होत नाही. आळस किंवा हट्टीपणा यात कुठेच नाही. आनुवंशिकता मात्र भरपूर आहे. आई-वडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता चाळीस टक्क्यांच्या पुढे असते, दोघांना असेल तर सत्तरच्या पुढे. सुनेच्या नावाने बोटं मोडण्याआधी सासूबाईंनी आपल्या चिरंजीवांचं बालपण जरा आठवून बघावं!

पण मला आज जास्त बोलायचंय ते दिवसा होणाऱ्या त्रासाबद्दल. तो मुलींमध्ये अधिक दिसतो, आणि त्याचा धागा सरळ शाळेत जातो.

सकाळी साडेसहाला डबा भरून मुलीला व्हॅनमध्ये बसवतो. ती दुपारी दीडला परत येते. या सात तासांत ती लघवीला गेली का, हे आपण विचारतो का? मी ओळखीच्या दहा-बारा मुलींना विचारलं. उत्तरं अशी: घाण असतं, कडी नाही, पाणी नाही, मुलं बाहेर उभी असतात, बाई सोडत नाहीत. एका मुलीने सांगितलं, ‘किल्ली ऑफिसात असते, मागायची लाज वाटते.’ म्हणून मुली सकाळी पाणीच पीत नाहीत आणि दिवसभर दाबून धरतात.

रोज दाबून धरलं की खालचे स्नायू आवळून राहायलाच शिकतात. मग जायची वेळ आली तरी ते सैल पडत नाहीत, पिशवी पूर्ण रिकामी होत नाही, उरलेल्या लघवीत जंतू वाढतात, जळजळ होते. आणि एक दिवस पिशवी ऐकेनाशी होते. मुलगी खेळता खेळता मध्येच टाचेवर दाबून उकिडवी बसते, पाय आवळून उभी राहते, ते काही नाटक नसतं. गळती थांबवायची तिची धडपड असते.

आता बातम्यांकडे वळू. शाळेत मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं हवीत, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना त्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. १५ ऑगस्ट २०१४ ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून वर्षभरात हे काम पुरं करू असं सांगितलं, आणि वर्षाने ते झाल्याचं जाहीरही झालं. मग २०२० मध्ये ‘कॅग’चा अहवाल आला. सरकारी कंपन्यांनी बांधलेल्या स्वच्छतागृहांची पंधरा राज्यांत प्रत्यक्ष पाहणी केली, तर ७२ टक्के ठिकाणी आत वाहतं पाणी नव्हतं आणि ३० टक्के वापरातच नव्हती. थोडक्यात, भिंती मोजल्या गेल्या, बादली कुणी मोजली नाही.

त्यात ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर घडलं. शाळेच्या स्वच्छतागृहात चार वर्षांच्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघडकीस आलं, सफाई कर्मचाऱ्याला अटक झाली, राज्यभर आया रस्त्यावर उतरल्या. सरकारने शाळांत सीसीटीव्ही सक्तीचे केले. ते ठीक. पण घराघरांत आईने काय केलं? ‘शाळेत जाऊच नकोस, घरी येऊन कर,’ असं बजावलं. तिची भीती खोटी नाही, मी तिला बोल लावणार नाही. पण त्या भीतीची किंमत पोरीची लघवीची पिशवी मोजते आहे. लहान मुलींसोबत आत-बाहेर एक विश्वासू बाई असणं, हा खरा उपाय. कॅमेरा दारात लागतो, सोबत करत नाही.

केरळमध्ये २०१९ पासून ‘वॉटर बेल’ सुरू झाली. ठरावीक वेळी घंटा वाजते आणि मुलं पाणी पितात. कल्पना झकास आहे. फक्त त्या घंटेनंतर जायला जागा हवी, नाहीतर आगीतून फुफाट्यात!

आता उपचार. यातला पहिला आणि मोठा भाग बिनऔषधी आहे. दर दोन-तीन तासांनी, लागली असो वा नसो, लघवीला जायचं. घाई करायची नाही. झाल्यावर थोडं थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करायचा. कमोडवर बसणाऱ्या मुलीचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा, कारण अधांतरी पायांनी स्नायू सैल होत नाहीत. दिवसा पाणी भरपूर, संध्याकाळनंतर बेताने. रात्रीचा चहा आणि कोला बंद. आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पोट साफ होणं. मलाशय पिशवीच्या अगदी मागे असतं. ते गच्च भरलेलं असेल तर पिशवीवर दाब येतो. कितीतरी मुलांचं बद्धकोष्ठ बरं झालं की लघवीही ताळ्यावर येते.

एवढ्याने भागलं नाही, तर रात्रीच्या त्रासासाठी अलार्म मिळतो. चड्डीला छोटा सेन्सर लावायचा, ओल लागली की तो वाजतो. सुरुवातीला मूल ढिम्म हलत नाही, सगळं घर मात्र जागं होतं! आईने उठून मुलाला पूर्ण जागं करून न्यायचं. दोन-तीन महिने चिकाटी लागते, पण साधारण तीनातली दोन मुलं कोरडी होतात. डेस्मोप्रेसिनच्या गोळीने फरक लवकर पडतो. सहलीला, लग्नाला जाताना ती सोयीची. मात्र ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, आणि घेतल्यावर रात्रभर पाणी जवळजवळ बंद. नाहीतर रक्तातलं सोडियम घसरून झटके येऊ शकतात. याच धोक्यामुळे तिचा नाकातला फवारा या त्रासासाठी वापरू नका, असं अमेरिकेच्या औषध खात्याने २००७ मध्ये सांगितलं. दिवसा पिशवी वारंवार आकसत असेल तर त्याचीही औषधं आहेत. स्नायू सैल सोडायला शिकवणारी बायोफीडबॅक पद्धत मोठ्या शहरांत मिळते. तीळगूळ द्यायचा तर खुशाल द्या, पौष्टिक आहे. पण उपचार म्हणून त्यावर विसंबू नका.

काही खुणा दिसल्या तर मात्र थांबायचं नाही. सतत थेंबथेंब गळणं, लघवीची धार बारीक असणं, ताप आणि जळजळ, कमरेच्या खाली खळगा किंवा केसांचा पुंजका. आणि कोरडं झालेलं मूल अचानक पुन्हा ओलं करू लागलं, तहान वाढली, वजन उतरलं, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा. रचनेतला दोष निघाला तरच शस्त्रक्रियेचा विषय येतो.

मारणं, भावंडांसमोर चिडवणं, ओली गादी मुद्दाम रस्त्याच्या बाजूला वाळत घालणं, यांनी त्रास वाढतो, कमी होत नाही. शाळेत तर शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना कायद्यानेच बंदी आहे. करंगळी वर केलेल्या मुलीला ‘तास संपेपर्यंत बस’ म्हणणाऱ्या बाईंना हे शांतपणे सांगता येतं. डॉक्टरांकडून दोन ओळींची चिठ्ठी घ्या, ‘हिला दर दोन तासांनी सोडावे.’ बहुतेक शिक्षिका समजून घेतात. त्याही कुणाच्या तरी आयाच असतात.

आणखी एक. त्याच शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांना व्यवस्थापन समिती नेमायला लावली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. सही करून चहा पिऊन परतणाऱ्या बायकाच मी जास्त पाहिल्या आहेत. पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या: मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे असते, पाणी रोज कोण भरतं, आणि आतून कडी लागते का. मग उठून स्वतः जाऊन बघा.