'स्वतःचे काम' नावाचा भ्रम

पुस्तकांसाठी व नियतकालिकांसाठी चित्रे काढणाऱ्या कलावंताचा गौरव करण्याची एक ठरावीक रीत आहे. मागणीवरून केलेले काम पोटापाण्याचे. फावल्या वेळात कोलाज, लाकूड, छायाचित्र, शिक्के असे काहीबाही हाताळून केलेले काम मात्र 'स्वतःचे', म्हणून अस्सल. संहितेपासून सुटका हीच येथे कलामूल्याची कसोटी ठरते. साहित्याच्या चर्चेत पुरता झिजून गेलेला स्वायत्ततावाद चित्रकाराच्या बाबतीत अजून बिनतक्रार खपतो, हे नवलच. ही कसोटी किती पोकळ आहे, हे सॉल स्टाइनबर्गच्या कामावरून दिसते.

स्टाइनबर्ग (१९१४-१९९९) जन्माने रुमानियन ज्यू. मिलानमध्ये त्याने वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९४० साली मिळालेल्या पदवीपत्रावर त्याच्या वंशाची नोंद झाली. इटलीतून निसटताना त्याने आपल्या पारपत्रावर स्वतःच तयार केलेला शिक्का मारला, असे सांगितले जाते. पुढे अमेरिकेत, विशेषतः १९५४ च्या 'द पासपोर्ट' या संग्रहात, शिक्के, अंगठ्याचे ठसे, बनावट दाखले आणि डौलदार पण एक अक्षरही वाचता न येणारे हस्ताक्षर यांची रेलचेल झाली. पारपत्राच्या छायाचित्रात चेहऱ्याच्या जागी अंगठ्याचा ठसा येतो. हे माध्यमाशी केलेले लडिवाळ खेळ आहेत काय? दस्तऐवजाचा अधिकार त्यातील मजकुरावर नव्हे, तर मजकुराच्या दृश्य रूपावर उभा असतो, हे त्या न वाचता येणाऱ्या ओळी दाखवून देतात. (दाखल्यासाठी कचेरीत हेलपाटे घातलेल्या आपल्या वाचकाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही.) सहीची पुनरावृत्ती शक्य असते म्हणूनच ती सही ठरते, हा मुद्दा देरिदाने १९७१ मध्ये मांडला. तथापि स्टाइनबर्गला त्याचा पूर्वसूरी म्हणून मिरवणे मला मान्य नाही. चित्राला सिद्धान्ताचे उदाहरण करून टाकणे हीही त्याची वासलात लावण्याचीच एक पद्धत आहे.

आलेखाच्या छापील कागदावर तो चार रेषा ओढतो, आणि कागदाच्या चौकटी गगनचुंबी इमारतीच्या खिडक्या होतात. कागद येथे निमूट पार्श्वभूमी नाही. त्यावर आधीच काही लिहिलेले आहे आणि चित्रकार ते वाचतो आहे. १९७० नंतरच्या मेजांवर लाकडात कोरून रंगवलेल्या पट्ट्या, लेखण्या, वह्या मांडलेल्या दिसतात. ज्यांनी काही रेखाटता येत नाही आणि ज्यांत काही लिहिता येत नाही, अशी ही साधने. मिश्रमाध्यम म्हणतात ते हे. 'न्यूयॉर्कर'च्या ऐंशीहून अधिक मुखपृष्ठांमागे बसलेला माणूस येथे आपल्याच धंद्याकडे पाहतो आहे. त्या धंद्यातून पळून चाललेला नाही.

कोणी म्हणेल, स्टाइनबर्ग बहुधा दुसऱ्याच्या मजकुराला चित्रे जोडत नसे, तेव्हा उदाहरणच गैरलागू. आक्षेप वजनदार आहे, पण तो माझ्याच बाजूने झुकतो. कोणाच्या संहितेचे बंधन नसलेला हा मनुष्य मोकळ्या हाताने पुन्हा अक्षर, सही, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह यांच्याकडेच वळतो आणि स्वतःला चित्रे काढणारा लेखक म्हणवतो. संहितेपासून मुक्ती हीच जर परमावधी, तर हा उलटा प्रवास कशासाठी?

आपल्या समीक्षेने मात्र हे सारे चित्रसमीक्षेच्या दाराशी ठेवून हात झटकले आहेत. 'ललित'मधील जयवंत दळवींचा 'ठणठणपाळ' आठवावा. वसंत सरवटे यांनी काढलेल्या आकृतीवाचून त्या टोपणनावाला देह नाही. वाचकाच्या मनातला निवेदक हा निम्मा रेषेतून आलेला आहे. निवेदक, गर्भित लेखक, दृष्टिकोन अशा संज्ञा उठताबसता वापरणारे आपण या सदराच्या विवेचनात ती रेषा मोजतो काय? उद्या सरवट्यांचे कोणी कौतुक करू लागले, तर तो या आकृतीला 'मागणीचे काम' म्हणून बाजूस सारील आणि त्यांच्या 'स्वतःच्या' चित्रांचा शोध घेऊ लागेल. दळवींचा अभ्यासक तर त्या आकृतीला सजावटच समजून पान उलटील.