पट्टे मोजून महानता ठरत नाही

नव्वदच्या दशकात डब्ल्यूडब्ल्यूएफ या व्यावसायिक कुस्ती कंपनीची ट्रम्प कार्डे खेळत वाढलेली मराठी पिढी आजही हिरिरीने भांडते: सर्वांत महान कोण, अंडरटेकर की हल्क होगन? एप्रिल 2025 मध्ये जॉन सीनाने 17वे जगज्जेतेपद पटकावून रिक फ्लेअरचा 16चा विक्रम मोडला, तेव्हा अनेकांना वाद मिटल्यासारखे वाटले.

तो मिटलेला नाही. व्यावसायिक कुस्तीत निकाल आधीच ठरलेला असतो, जगज्जेतेपदाचा पट्टा कंपनी देते. मग मोठेपण पाहायचे कशात?

कुस्तीगीर ब्रेट हार्टच्या एका लढतीत ते लख्ख दिसते. 23 मार्च 1997, कंपनीचा वार्षिक महासोहळा रेसलमेनिया 13. स्टीव्ह ऑस्टिन हार्टच्या शार्पशूटर पकडीत अडकला. कपाळाचे रक्त ओघळत दातांवर आले, तो वेदनेने ओरडला, पण हार मानली नाही. शेवटी शुद्धच हरपली आणि पंच केन शॅमरॉकने लढत थांबवली. जिंकलेला हार्ट त्या रात्री खलनायक झाला, हरलेला ऑस्टिन लोकांच्या गळ्यातला ताईत! प्रतिस्पर्ध्याला असे मोठे करणे होगनला क्वचितच जमले.

अंडरटेकरचे रेसलमेनियातले सलग 21 विजय थरारक खरेच, पण तेही कंपनीनेच लिहिलेले. कॅल्गरीत वडिलांच्या घरातल्या तळघरात घडलेला ब्रेट हार्ट महान मल्लांच्या यादीत पहिलाच हवा.