खोट्या नाण्याचा बाजार

दहावीचा निकाल जाहीर झाला की महाराष्ट्रात दरवर्षी दोन सूर उमटतात. एक अभिनंदनाचा आणि दुसरा, इतके गुण आले तरी कोठून, अशा संशयाचा. २०१८ साली राज्य मंडळाचा निकाल ८९.४१ टक्के लागला होता. २०१९ साली तो ७७.१० टक्क्यांवर घसरला आणि २०२० साली ९५.३० टक्क्यांवर गेला. तीन वर्षांत महाराष्ट्रातील मुलांची बुद्धी आधी आटली आणि मग बहरली, असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. २०१९ च्या परीक्षेला अभ्यासक्रम नवा होता हे खरे. परंतु त्याच वर्षी भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांत शाळेने द्यावयाचे २० गुण शासनाने काढून घेतले होते. निकाल कोसळताच पालकांची ओरड झाली आणि ते गुण पुन्हा बहाल करण्यात आले. म्हणजे बदलली होती ती मोजपट्टी.

या २० गुणांचा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. केंद्रीय मंडळाच्या शाळांतही अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण असतातच. हे गुण शाळा देते आणि त्यांच्यासह झालेल्या बेरजेवर अकरावीचा प्रवेश ठरतो. नामांकित महाविद्यालयांच्या प्रवेशयादीत अर्ध्या टक्क्याने शेकडो विद्यार्थी मागे पडतात. अशा वेळी परंपरेने कडक तपासणी करणाऱ्या एखाद्या खाजगी शाळेने अंतर्गत परीक्षेत प्रामाणिकपणे १३ गुण दिले, आणि शेजारच्या शाळेने सरसकट १९ दिले, तर शिक्षा कोणाला होते? शाळेला होत नाही. तिची शिस्तप्रियतेची कीर्ती कायम राहते. शिक्षा होते ती तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला.

अर्थशास्त्रात ग्रेशॅमच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे. दोन नाण्यांची कायदेशीर किंमत एकच असेल आणि त्यांतील एक हिणकस असेल, तर हिणकस नाणे चलनात राहते व चोख नाणे बाजारातून नाहीसे होते. गुणांचे आज हेच झाले आहे. प्रत्येक शाळा ही स्वतंत्र टांकसाळ बनली असून प्रवेशाच्या खिडकीवर सर्वांची नाणी एकाच भावाने घेतली जातात. अशा बाजारात चोख नाणे पाडणारी शाळा किती दिवस टिकाव धरणार? पालक तक्रार करतात, संस्थाचालक कुजबुजतात आणि अखेर मुख्याध्यापकही हात सैल सोडतात.

या नुकसानीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, आणि समाजवाद्यांच्या दृष्टीने खरा प्रश्न येथे सुरू होतो. सधन घरातील मुलाचे दोन टक्के कमी झाले तरी त्याच्यापुढे इतर दारे उघडी असतात. व्यवस्थापन कोट्याची जागा असते, भरमसाट शुल्काचे खाजगी महाविद्यालय असते, आणि केवळ हजेरीपुरते महाविद्यालय ठेवून सारे शिक्षण देणारे खाजगी वर्ग असतात. त्याच कडक शाळेत शिकणाऱ्या गिरणीकामगाराच्या नातवापाशी किंवा घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलीपाशी गुणपत्रिकेखेरीज दुसरे भांडवल नसते. तिचे दोन टक्के गेले म्हणजे तिचे सर्वस्व गेले.

यावर शासनाने आजवर काय केले? २००८ साली निरनिराळ्या मंडळांच्या गुणांची तुलना करण्यासाठी पर्सेंटाइलचे सूत्र आणले. मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. २००९ साली ९० टक्के जागा राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांना राखण्याचा निर्णय घेतला. तोही न्यायालयात टिकला नाही. २०१० साली उत्तम पाच विषयांचे गुण धरण्याचे धोरण आणले. उच्च न्यायालयाने ते रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. २०२१ साली करोनामुळे परीक्षाच झाली नाही. शाळांनी केलेल्या मूल्यमापनावर निकाल ९९.९५ टक्के लागला, आणि त्या गुणांवर शासनाचाच विश्वास नसल्यामुळे अकरावीसाठी सामाईक परीक्षा जाहीर झाली. ती ऑगस्टमध्ये न्यायालयाने रद्द केली. या साऱ्या खटाटोपात मंडळामंडळांचा तंटा मिटविण्याची धडपड दिसते. शाळाशाळांतील विषमतेचा विचार मात्र दिसत नाही.

शाळेकडील सारे गुण रद्द करा, एवढीच मागणी करणेही पुरेसे नाही. वर्षभर मुलाला पाहणाऱ्या शिक्षकाचे मत तीन तासांच्या उत्तरपत्रिकेपेक्षा मोलाचे असते. परंतु तोंडी परीक्षेत मुलाचे उच्चार, त्याचे कपडे, त्याचे आडनाव परीक्षकाच्या समोर असते. बैठक क्रमांकामागे ते झाकले जाते. म्हणून अंतर्गत मूल्यमापन अध्यापनासाठी जरूर असावे, शिक्षकाने ते निर्भयपणे कडक करावे. मात्र प्रवेशाच्या बेरजेत ते धरू नये.

दुसरा मार्ग अमेरिकेतील टेक्सास राज्याने १९९७ साली कायद्याने दाखविला. तेथे प्रत्येक माध्यमिक शाळेतील पहिल्या दहा टक्के विद्यार्थ्यांना राज्याच्या विद्यापीठांत प्रवेशाचा हक्क देण्यात आला. विद्यार्थ्याची तुलना त्याच्याच वर्गाशी होत असल्यामुळे शाळा कडक तपासो की सैल, त्याचा क्रम बदलत नाही. आणि गरीब वस्तीतील शाळेचे पहिले विद्यार्थीही विद्यापीठाच्या दारात पोहोचतात. या योजनेलाही मर्यादा आहेत. ऑस्टिनच्या विद्यापीठात अशा प्रवेशांची गर्दी इतकी झाली की २००९ साली त्यांवर ७५ टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. तरीही जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकांच्या शाळांतील पहिल्या विद्यार्थ्यांसाठी असा काही वाटा येथे ठेवता येईल काय, याचा विचार व्हावयास हवा.

मात्र या सर्व उपायांच्या मुळाशी टंचाई आहे, हे विसरता कामा नये. चांगली महाविद्यालये मूठभर आहेत, म्हणून अर्ध्या टक्क्याला सोन्याचा भाव आला आहे. रेशनच्या दुकानात धान्यच कमी आले, तर रांग कितीही न्याय्य रीतीने लावली तरी शेवटचा मनुष्य रिकाम्या हाताने परततो. तालुक्यातालुक्यांत पुरेसे शिक्षक, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय असलेली सार्वजनिक कनिष्ठ महाविद्यालये उभी राहिल्याखेरीज गुणांचा हा बाजार उठणार नाही.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी निकालाच्या दिवशी पेढे वाटावेत. पण दुसऱ्या दिवशी आपल्या तालुक्यातील कनिष्ठ महाविद्यालयात किती शिक्षकांची पदे रिक्त आहेत, याची यादी करून ती तहसील कचेरीपुढे मांडावी. कडक शिक्षकाच्या प्रामाणिकपणाची किंमत गरिबाच्या मुलीला मोजावी लागू नये, एवढे साधे उद्दिष्टही चळवळीशिवाय साध्य होणारे नाही.