टक्के सरकारला सांगितले, विमा कंपनीला नव्हे

कणकवलीजवळच्या वाडीतली बाई अपंगत्वाचा दाखला काढायला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जाते ती एसटीच्या सवलतीसाठी, पेन्शनसाठी. एक दिवसाची मजुरी बुडवून, कुणाला तरी सोबत घेऊन. डॉक्टर तिचा पाय, तिचे डोळे, तिचे मन तपासतात आणि टक्के लिहितात. ते टक्के 'यूडीआयडी'च्या देशव्यापी नोंदवहीत जातात. २०२४ च्या नियमांनी कार्डांना रंगही दिले: चाळीस टक्क्यांखाली पांढरे, ऐंशीच्या आत पिवळे, त्यापुढे निळे.

या नोंदी खासगी विमा कंपन्यांना जोडून दिल्या तर अपंगांना विमा लवकर मिळेल, असा युक्तिवाद होतो. आमचा त्याला साफ विरोध आहे.

सरकार असे कशाला करील, असे वाटते? २०१९ साली केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने वाहननोंदणीची माहिती विकण्याचे धोरणच काढले. दर वर्षाला तीन कोटी रुपये. धोरण २०२० मध्ये मागे घेतले, पण तोवर शंभर कोटींहून अधिक जमा झाले होते, हे संसदेतच सांगितले गेले. तिकडे इंग्लंडात सरकारी रुग्णालयांतल्या सुमारे पावणेपाच कोटी रुग्णांच्या नोंदी विम्याचे हप्ते ठरवणाऱ्या गणितज्ञांच्या हाती गेल्या. २०१४ मध्ये ते उघड झाले तेव्हा रुग्णांना कुणी विचारलेच नव्हते.

आपल्याकडे २०११ च्या नियमांत शरीराची व मनाची माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी धरलेली होती. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात तो वेगळा वर्गच उरला नाही. शिवाय जिला कायदेशीर पालक नेमलेला आहे, अशा अपंग व्यक्तीची संमती पालकाने द्यायची! मैत्रिणींनो, हा पालक म्हणजे बहुतेक वेळा बाप, भाऊ किंवा नवरा. जमिनीच्या कागदावर तिचा अंगठा कसा घेतला जातो ते आपण पाहिले आहे. इथे तर अंगठाही लागणार नाही.

आणि टक्के म्हणजे नुसता आकडा नाही. कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे, ॲसिडहल्ल्याने आलेले अपंगत्वही आहे. सासरी जे झाकून ठेवावे लागते, ते पॉलिसीच्या पाकिटातून घरी आले तर? पत्र घरातला पुरुष फोडतो.

विमा नको असे आम्ही म्हणत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अपंगांसाठी विमा योजना आखायला लावल्या, फेब्रुवारी २०२३ मध्ये विमा नियामकाने कंपन्यांना तसा आदेश दिला. चांगलेच झाले. पण कंपनीने अर्जावर तिलाच विचारावे. तिने सांगायचे की उठून जायचे ते ती ठरवील. सरकारने परस्पर सांगितले की तिला ती निवडही उरत नाही, आणि हप्ता का वाढला, अर्ज का फेटाळला, हेही तिला कळत नाही.

म्हणून दाखल्याच्या अर्जाखालची संमतीची ओळ मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचा, मालवणीत समजावून सांगा. नोंद कुणाकुणाला दिली, ते जिल्हा समाजकल्याण कार्यालयाला लेखी विचारा. 'हंय सही कर, बाये' असे कुणी म्हणाले तर आधी विचारायचे, कशाक?